रोपांवरील प्रयोगांत अभिकर्मकांतील अशुद्धी कशा शोधाव्यात आणि कशा आवराव्यात

बाटलीवर ‘९९ टक्के’ असे छापलेले असले की उरलेल्या एका टक्क्यात काय आहे याची चौकशी सहसा होत नाही, आणि बहुतेक रासायनिक कामात ती न केल्याने फारसे बिघडतही नाही. वनस्पतींच्या प्रयोगांत मात्र बिघडते. वनस्पतीला काही मूलद्रव्ये आणि काही संजीवके (वाढीचे नियमन करणारी संप्रेरके) इतक्या अल्प प्रमाणात पुरतात की भलत्याच रसायनाच्या बाटलीतून आलेला त्यांचा अंश प्रयोगाचा निकाल ठरवू शकतो. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ऊतीसंवर्धन माध्यमाचे उदाहरण घेऊ. त्यात तांबे फक्त ०.१ मायक्रोमोलर, म्हणजे लिटरमागे सुमारे साडेसहा मायक्रोग्रॅम असते. त्याच लिटरमध्ये मुख्य क्षार साडेचार ग्रॅम, माध्यम घट्ट करणारा अगार सात-आठ ग्रॅम आणि साखर तीस ग्रॅम असते. या चाळीस-बेचाळीस ग्रॅमांतून नकळत येणारे तांबे आपण मुद्दाम घातलेल्या तांब्यापेक्षा जास्त असू शकते.

वनस्पतिपोषणाच्या इतिहासात अशा अंशांनी मोठे शोध लांबवले आहेत. क्लोरीन हे वनस्पतींना आवश्यक मूलद्रव्य आहे हे टोमॅटोवरील प्रयोगांतून १९५४ मध्ये सिद्ध झाले, तेही क्षारांचे कसोशीने शुद्धीकरण केल्यावर. तोपर्यंत क्षार, पाणी, धूळ आणि हवा यांतून येणारे क्लोराइड रोपांची गरज भागवत होते. निकेलची गरज तर त्याहून अल्प. ती सातूमध्ये १९८७ मध्ये दाखवली गेली, आणि त्यासाठी शुद्ध केलेल्या द्रावणात सलग तीन पिढ्या वाढवून बियांमधला निकेलचा साठा संपवावा लागला. आपला प्रयोग इतका नाजूक असेलच असे नाही. पण तो किती नाजूक आहे हे आधी ठरवल्याशिवाय कोणत्या दर्जाचे रसायन घ्यावे याचे उत्तर मिळत नाही.

सुरुवात प्रश्नापासून करावी

सगळी रसायने सर्वोच्च दर्जाची घेणे हा उपाय महाग आहे, आणि तो पुरेसाही नाही. पहिले काम म्हणजे प्रयोगात ज्याचा अभाव, अतिरेक किंवा परिणाम तपासायचा आहे तो पदार्थ नेमका लिहून काढणे. त्यानंतर तो पदार्थ किंवा त्याच्यासारखे काम करणारा दुसरा पदार्थ आणखी कोणकोणत्या वाटांनी माध्यमात येऊ शकतो याची यादी करणे. स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) अभावाचा प्रयोग असेल तर अगार, भांडी धुण्याची पावडर आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल हे पहिले संशयित. पालाशाचा (पोटॅशियमचा) अभाव तपासायचा असेल तर सोडियमचे क्षार, अगाराऐवजी वापरला जाणारा जेलन गम आणि पीएच जुळवण्यासाठी वापरलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड. बोरॉन असेल तर बोरोसिलिकेट काच. सिलिकॉन असेल तर कोणतीही काच आणि वाऱ्यावर उडणारी धूळ.

रसायनशास्त्राचा एक साधा नियम येथे उपयोगी पडतो: ज्यांचे गुणधर्म सारखे ती मूलद्रव्ये खनिजात आणि कारखान्यातही एकमेकांची साथ सोडत नाहीत. जस्ताच्या क्षारात कॅडमियम, कोबाल्टच्या क्षारात निकेल, कॅल्शियमच्या क्षारात स्ट्राँशियम, पोटॅशियमच्या क्षारात सोडियम आणि रुबिडियम यांचे अंश सापडणे अपेक्षितच धरावे. कोबाल्टचा परिणाम म्हणून नोंदलेली गोष्ट निकेलची तर नाही ना, ही शंका म्हणूनच वाजवी ठरते.

लेबल आणि विश्लेषण प्रमाणपत्र

लेबलावरील आकडे बहुधा कमाल मर्यादा असतात. ‘लोह ०.०००३ टक्क्यांपर्यंत’ याचा अर्थ त्याहून जास्त नाही एवढाच. प्रत्यक्षात किती आहे हे त्या विशिष्ट लॉटच्या (एका वेळी बनवलेल्या मालाच्या) विश्लेषण प्रमाणपत्रात पाहावे लागते. बहुतेक उत्पादक लॉट क्रमांकावरून हे प्रमाणपत्र उपलब्ध करून देतात. बाटली उघडण्यापूर्वी ते उतरवून घेणे ही सवयच असावी.

प्रमाणपत्र वाचताना काय मोजले आहे याइतकेच काय मोजलेले नाही याकडे लक्ष द्यावे. ‘धातूंच्या अंशांच्या आधारे ९९.९९ टक्के’ असे लिहिलेले असेल तर त्या हिशेबात फक्त धातू धरलेले असतात. पाणी, सल्फेट, फॉस्फेट किंवा सेंद्रिय पदार्थ त्यात येत नाहीत. ‘जड धातू, शिश्याच्या हिशेबात’ ही जुनी चाचणी सल्फाइडशी होणाऱ्या गडद रंगावर बेतलेली आहे. जस्ताचा सल्फाइड पांढरा असतो, त्यामुळे या ओळीवरून जस्ताविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. एचपीएलसी हे मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे तंत्र. सेंद्रिय रसायनांच्या बाबतीत ‘एचपीएलसीनुसार ९८ टक्के’ हा आकडा सहसा अतिनील प्रकाश शोषणाऱ्या शिखरांच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर असतो. जो पदार्थ त्या तरंगलांबीला प्रकाश शोषत नाही तो त्यात दिसत नाही. नमुन्यातले पाणी, अकार्बनी क्षार आणि उरलेले द्रावकही दिसत नाहीत. संश्लेषित पेप्टाइडांच्या भुकटीत ट्रायफ्लुओरोॲसिटेट आणि पाणी मिळून वजनाचा लक्षणीय भाग असू शकतो, आणि तरीही तिची ‘शुद्धता’ ९५ टक्क्यांच्या वर छापलेली असते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात.

‘वनस्पती पेशीसंवर्धनासाठी तपासलेले’ असा शिक्का असलेले रसायनही याच कसोटीवर पाहावे. त्या रसायनावर काही पेशी किंवा रोपे नीट वाढली एवढेच तो शिक्का सांगतो. तुमच्या प्रयोगात नको असलेले लोह किंवा फॉस्फेट त्यात असले तर रोपे उलट अधिकच चांगली वाढतील.

क्षारांच्या स्फटिकजलाची बाब छोटी आहे, पण चुकते वारंवार. कॅल्शियम क्लोराइड हवेतले पाणी ओढते, फेरस सल्फेट उघडे राहिल्यास पाणी गमावते आणि त्याचे ऑक्सिडीकरणही होते. हिरवट निळे स्फटिक पिवळसर तपकिरी दिसू लागले की त्या बाटलीतून फेरस लोह तोलणे थांबवावे.

टक्केवारीचे मायक्रोमोलर करावे

या सर्व मार्गदर्शनात एकच पायरी पाळायची असेल तर ती ही असावी. अशुद्धीची टक्केवारी नुसती पाहून काहीही कळत नाही. ती माध्यमातल्या अंतिम तीव्रतेत बदलावी आणि ज्या किमान तीव्रतेला वनस्पती प्रतिसाद देते तिच्या शेजारी ठेवावी. रसायनाचे लिटरमागचे ग्रॅम गुणिले अशुद्धीचे किलोमागचे मिलिग्रॅम, म्हणजे लिटरमागचे मायक्रोग्रॅम. त्याला अणुभाराने भागले की मायक्रोमोलर.

पोटॅशियम नायट्रेट लिटरमागे १.९ ग्रॅम घातले आणि त्यात लोह किलोमागे ३ मिलिग्रॅम असले, तर माध्यमात ५.७ मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ०.१ मायक्रोमोलर लोह आले. मुराशिगे-स्कूग माध्यमात मुळातच १०० मायक्रोमोलर लोह असते, त्यामुळे सर्वसाधारण संवर्धनात हा अंश विसरून जावा. आता त्याच माध्यमातील अगार पाहू. समजा त्यात किलोमागे २० मिलिग्रॅम लोह आहे. ८ ग्रॅम अगारातून १६० मायक्रोग्रॅम, म्हणजे जवळपास ३ मायक्रोमोलर लोह येईल. ‘लोहविरहित’ म्हणून मांडलेल्या प्रयोगात हे प्रमाण दुर्लक्षिण्यासारखे नाही. अशा थाळ्यांमध्ये उरलेले लोह बांधून ठेवण्यासाठी फेरोझीन घालण्याची पद्धत रूढ झाली ती याचमुळे.

क्षारताणाच्या प्रयोगातही असेच होते. १५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड म्हणजे लिटरमागे ८.७७ ग्रॅम मीठ. त्यात पोटॅशियमची मर्यादा ०.००५ टक्के असेल तर माध्यमात ११ मायक्रोमोलरपर्यंत पोटॅशियम येऊ शकते. मुबलक पोटॅशियम असलेल्या माध्यमात याचा पत्ताही लागणार नाही. पण पोटॅशियमचा अभाव आणि मिठाचा ताण हे दोन्ही एकत्र अभ्यासणाऱ्या प्रयोगात मीठ घातलेल्या रोपांनाच जास्त पोटॅशियम मिळते, आणि त्यांची स्थिती किंचित सुधारलेली दिसली तर त्याचे श्रेय चुकून मिठाला दिले जाते. उपचाराबरोबर वाढणारी अशुद्धी सर्वांत घातक असते. सर्व थाळ्यांमध्ये सारखी असलेली अशुद्धी पार्श्वभूमी बनते, तर उपचाराबरोबर वाढणारी अशुद्धी उपचाराचाच परिणाम म्हणून नोंदली जाते.

अशी गणना तक्त्यात मांडावी: प्रत्येक घटकासाठी एक ओळ, काळजीच्या प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक स्तंभ, शेवटी बेरीज. अर्ध्या तासाचे काम आहे. बेरजेचा आकडा प्रयोगाच्या किमान तीव्रतेच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर त्या रसायनाच्या दर्जाविषयी चिंता सोडून पुढे जावे. जवळपास असेल तर माध्यम प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

अगार आणि इतर घट्ट करणारे पदार्थ

क्षारांच्या शुद्धतेसाठी भरपूर पैसे मोजायचे आणि मग त्यात समुद्री शेवाळापासून काढलेला, वर्षागणिक बदलणारा नैसर्गिक पदार्थ लिटरमागे आठ ग्रॅम घालायचा, ही विसंगती बहुतेक प्रयोगशाळांत रुळलेली आहे. अगारात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, लोह, बोरॉन आणि फॉस्फेट यांचे अंश असतात, आणि ते ब्रँडनुसार तसेच लॉटनुसार बदलतात. किलोमागे २०० मिलिग्रॅम स्फुरद असलेल्या अगारातून लिटरमागे १.६ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोमोलरहून थोडे अधिक स्फुरद येईल. स्फुरदाच्या अभावाचे प्रयोग पुष्कळदा दहा मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी फॉस्फेटवर केले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

अरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या लहान रोपाच्या मुळांच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. फॉस्फेट कमी असताना मुख्य मुळाची वाढ थांबते, पण त्यासाठी माध्यमात लोह उपलब्ध असावे लागते. लोह काढून टाकले तर फॉस्फेट कमी असूनही मूळ वाढत राहते. म्हणजे अगाराच्या एका लॉटमध्ये स्फुरद जास्त आणि दुसऱ्यात लोह कमी असेल तर दोन्ही थाळ्यांवर लांब मुळे दिसतील, आणि त्यामागची कारणे पूर्णपणे वेगळी असतील. मुळांची लांबी मोजणाऱ्या कोणत्याही कामात अगाराचा ब्रँड आणि लॉट ही प्रयोगाची अट समजावी. एका तुलनेतील सर्व थाळ्या एकाच लॉटच्या असाव्यात, यात तडजोड करू नये.

अगार धुऊन घेता येतो. वजन केलेला अगार भरपूर निरायनित पाण्यात ढवळावा, खाली बसू द्यावा, वरचे पाणी ओतून द्यावे आणि हे अनेकदा करावे. द्विसंयुजी धातू काढायचे असतील तर पहिल्या काही धुण्यांत धातूंना बांधणारे ईडीटीए वापरून नंतर तेही पूर्ण धुऊन काढावे. शेवटी इथेनॉलने धुऊन वाळवावा. अगार मोठ्या प्रमाणात एकदम धुवावा म्हणजे पूर्ण प्रयोगमालेला एकच साठा पुरतो. धुतल्यावर जेलची घट्टता बदलते, म्हणून नवे प्रमाण लहान चाचणीने ठरवावे आणि धुतलेला अगार विश्लेषणासाठी अवश्य पाठवावा, कारण धुण्याने सैल आयन निघून जातात, बांधलेले राहतात.

जेलन गम पारदर्शक असतो आणि मुळांची छायाचित्रे सुंदर येतात, म्हणून तो अनेकांना आवडतो. परंतु त्यात पोटॅशियमसारखे धन आयन भरपूर असतात आणि घट्ट होण्यासाठी त्याला असे आयन लागतातही. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमच्या अभावाच्या प्रयोगासाठी तो निवडणे म्हणूनच गैरसोयीचे. ॲगरोज अधिक स्वच्छ आणि अधिक महाग. प्रश्न खरोखर अल्प अन्नद्रव्यांचा असेल तर घट्ट माध्यम सोडून द्रव माध्यमाकडे वळणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

पाणी आणि भांडी

सर्वोच्च दर्जाच्या पाण्याचा विद्युत रोध २५ अंश सेल्सिअसला १८.२ मेगाओम-सेंटिमीटर असतो. हा आकडा फक्त आयनांविषयी बोलतो. विद्युतभार नसलेले सेंद्रिय पदार्थ त्याला दिसत नाहीत, आणि पाण्यातील आयन धरून ठेवणारे रेझिन संपत आले की सर्वांत आधी निसटणारे बोरॉन व सिलिका दुर्बळ आम्लांच्या रूपात असल्याने रोधावर ठळक परिणाम न करताच पुढे जातात. बोरॉन किंवा सिलिकॉनवर काम करणाऱ्यांनी रेझिनचे काडतूस यंत्राच्या सूचनेची वाट न पाहता बदलावे. साठवलेल्या पाण्याला शुद्ध समजू नये. ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, आणि ज्या भांड्यात ठेवले त्याचेही काही घेते.

भांडी १० टक्के नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवून शुद्ध पाण्याने अनेकदा विसळावीत. नायट्रेट किंवा क्लोराइड हाच अभ्यासाचा विषय असेल तर आम्लाची निवड त्याप्रमाणे बदलावी. क्रोमिक आम्लाचे मिश्रण टाळावे, कारण क्रोमियम काचेला चिकटून राहते. रबरी बुचे आणि नळ्या जस्त सोडतात, स्टेनलेस स्टीलचा चमचा लोह, क्रोमियम आणि निकेल सोडू शकतो. अल्प धातूंच्या कामात पॉलिप्रोपिलीनची भांडी आणि प्लॅस्टिकचे चमचे बरे. प्लॅस्टिकही निर्दोष नाही: एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिक नळ्यांतून ओलिअमाइडसारखे जैवसक्रिय पदार्थ द्रावणात उतरतात हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले आहे, आणि मऊ प्लॅस्टिकातील डायब्यूटाइल थॅलेट हवेवाटे रोपांची पाने पांढरी पाडू शकते.

संजीवके: बाटलीतला दुसरा सक्रिय पदार्थ

संजीवकांच्या बाबतीत अशुद्धी म्हणजे बहुधा त्याच रेणूचे एखादे भावंड असते, आणि ते भावंडही सक्रिय असू शकते. संश्लेषित अब्सिसिक आम्ल एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रेणूंच्या मिश्रणाच्या रूपात विकले जाते. वनस्पतीत नैसर्गिकरीत्या त्यांपैकी एकच आढळते. स्ट्रिगोलॅक्टोन या संजीवकासारखे काम करणाऱ्या जीआर२४ या रसायनाचे उदाहरण अधिक बोलके आहे. त्याच्या नेहमीच्या मिश्र स्वरूपातील एक प्रतिमा स्ट्रिगोलॅक्टोनच्या ग्राहीला (तो रेणू ओळखणाऱ्या प्रथिनाला) चालना देते, तर दुसरी केएआय२ या वेगळ्याच ग्राहीला. मिश्रण वापरून मिळालेला परिणाम कोणत्या मार्गाने आला हे त्यामुळे सांगता येत नाही. एकेक प्रतिमा वेगळी घेणे किंवा दोन्ही ग्राहींचे उत्परिवर्तित वाण तपासणे आवश्यक ठरते. जिबरेलिनांपैकी जीए४ आणि जीए७ बऱ्याचदा एकत्रच मिळतात. १-नॅफ्थिल ॲसेटिक आम्लात त्याचा २-समघटक असू शकतो. झिएटिन मागवताना ट्रान्स की मिश्र, हे लिहून मागवावे.

संजीवक द्रावणात साठवल्यावर नव्या अशुद्धी तयार होतात. इंडोल ॲसेटिक आम्ल प्रकाशात विघटित होते आणि द्रावण गुलाबी-तपकिरी होऊ लागते. असे द्रावण फेकून द्यावे, तीव्रता वाढवून वापरू नये. इथेफॉन या रसायनातून इथिलीन हे वायुरूप संजीवक सुटताना त्याबरोबर फॉस्फेट, क्लोराइड आणि आम्लताही तयार होते, म्हणून इथेफॉनच्या प्रयोगाचे नियंत्रण नुसत्या पाण्याचे ठेवणे पुरेसे नाही. वनस्पतीत जनुक घालण्यासाठी वापरलेला ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू नंतर मारण्यासाठी वापरले जाणारे कार्बेनिसिलिन विघटित होऊन फिनाइल ॲसेटिक आम्ल देते, आणि ते स्वतः एक दुर्बळ ऑक्सिन (वाढीचे संजीवक) आहे. या प्रतिजैविकाच्या उपस्थितीत ऊतींची वाढ बदललेली दिसली तर आधी या शक्यतेचा विचार करावा.

बाजारातील तणनाशक किंवा बुरशीनाशकाचे तयार मिश्रण घेऊन त्यातील सक्रिय घटकाविषयी निष्कर्ष काढू नये. त्यातील पृष्ठक्रियाकारी पदार्थ पेशीपटलावर स्वतंत्र परिणाम करतात.

जैविक उगमाचे पदार्थ आणि पेप्टाइडे

रोगप्रतिकाराच्या अभ्यासात अशुद्धीचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे, कारण वनस्पतीचे ग्राही जिवाणूंचे काही रेणू नॅनोमोलर पातळीवरही ओळखतात. फ्लॅजेलिन या प्रथिनातील २२ अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे एफएलजी२२, हा त्यांपैकी प्रसिद्ध. एखादे वेगळेच पेप्टाइड १ मायक्रोमोलरला वापरले आणि त्यात ०.१ टक्का एफएलजी२२ मिसळलेले असले, तर माध्यमात १ नॅनोमोलर एफएलजी२२ आले, ९९.९ टक्के शुद्ध नमुन्याने खोटा प्रतिसाद देण्यासाठी एवढे बस होते. ही भीती काल्पनिक नाही: व्यापारी पेप्टाइड नमुन्यांत एफएलजी२२ चा शिरकाव झाल्याचे २०१२ मध्ये सविस्तर दाखवले गेले. ज्या यंत्रावर एक पेप्टाइड बनते किंवा शुद्ध होते त्याच यंत्रावर दुसरे येते, आणि सर्वांत जास्त मागणी असलेले पेप्टाइड सर्वत्र पोचते.

यावर उपाय जैविकच आहे. नवीन पेप्टाइड किंवा रेणू सक्रिय आढळला की तो एफएलजी२२ ओळखणारा एफएलएस२ हा ग्राही नसलेल्या वाणावर तपासावा. तेथे प्रतिसाद नाहीसा झाला तर आपण नव्या रेणूऐवजी एफएलजी२२ मोजत होतो असे समजावे. जिवाणूंपासून काढलेल्या अर्कांसाठी जिवाणूंचे ईएफ-टीयू हे प्रथिन ओळखणाऱ्या ईएफआर या ग्राहीचाही असाच उपयोग होतो. अर्कावर प्रोटिएज (प्रथिने तोडणारे विकर) टाकून पाहणे ही आणखी एक सोपी चाचणी: सक्रिय घटक मेद किंवा शर्करा आहे असा दावा असेल आणि प्रोटिएजने परिणाम संपत असेल, तर प्रथिन हेच कारण. मात्र या चाचण्या ज्ञात अशुद्धीच पकडतात. अरॅबिडॉप्सिसमधील एलओआरई हा ग्राही २०१५ मध्ये जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइडशी जोडला गेला. २०१९ मध्ये असे दिसले की तो प्रत्यक्षात ओळखतो ते मध्यम लांबीच्या साखळीचे ३-हायड्रॉक्सी मेदाम्ल, जे लिपोपॉलिसॅकराइडच्या नमुन्यांत सोबत येत होते. नमुना आणखी विभागून प्रत्येक अंशाची सक्रियता पाहिल्यावरच असे उलगडे होतात.

प्रोटोप्लास्ट (पेशीभित्तिका काढलेल्या पेशी) मिळवण्यासाठीची सेल्युलेज विकरेही याच वर्गातली. ट्रायकोडर्मा बुरशीपासूनच्या अशा मिश्रणात झायलानेज असते, आणि त्यातील एक प्रकार तंबाखू व टोमॅटोमध्ये इथिलीननिर्मिती आणि संरक्षण प्रतिसाद चालू करतो. प्रोटोप्लास्टवर संरक्षण जनुकांचा अभ्यास करणाऱ्याने विकरातून बाहेर काढल्यावर पेशींना विश्रांतीचा काळ द्यावा आणि विकराचा लॉट बदलू नये.

आपणच तयार केलेल्या अशुद्धी

सर्व बाटल्या निर्दोष असल्या तरी ओट्यावर अशुद्धी तयार होतात. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करताना) सुक्रोजचे काही प्रमाणात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते व हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युरल तयार होते. माध्यमाचा पिवळसरपणा हा त्याचा इशारा. अगार आणि फॉस्फेट एकत्र ऑटोक्लेव्ह केल्यास हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, म्हणून फॉस्फेट वेगळे निर्जंतुक करून नंतर मिसळणे चांगले. लोह-ईडीटीए असलेले माध्यम प्रखर प्रकाशात ठेवल्यास निळ्या व त्याजवळच्या अतिनील किरणांमुळे ईडीटीएचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि ते मुळांची वाढ रोखते. १९९१ मध्येच प्रकाशित झालेली ही बाब अजून अनेकांच्या गावी नाही. ओतलेल्या थाळ्या अंधारात साठवाव्यात, आणि प्रकाशाच्या रंगांची तुलना करणाऱ्या प्रयोगात रिकाम्या थाळ्या आधी त्या प्रकाशात ठेवून मग त्यांवर बिया पेरण्याचे एक नियंत्रण अवश्य ठेवावे. ट्वीन हा पृष्ठक्रियाकारी पदार्थ आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांत हवेच्या संपर्काने पेरॉक्साइड साचतात. लहान बाटल्या घ्याव्यात आणि उघडल्याची तारीख लिहावी.

संशय आल्यास

काही खुणा अशुद्धीकडे बोट दाखवतात. परिणाम अपेक्षेपेक्षा शंभर-हजार पट जास्त तीव्रतेलाच दिसतो. लॉट बदलला की तो कमी-जास्त होतो. रचनेने अगदी वेगळ्या दोन रसायनांचा परिणाम हुबेहूब सारखा येतो. पुन्हा स्फटिकीकरण केल्यावर तो क्षीण होतो. यांपैकी एकही दिसले तरी प्रयोग पुढे रेटण्याऐवजी चार चाचण्या कराव्यात. पहिली, तेच रसायन वेगळ्या मार्गाने बनवणाऱ्या दुसऱ्या उत्पादकाकडून घेऊन पाहणे. नाव वेगळे पण माल एकाच कारखान्याचा असे होऊ शकते, म्हणून लॉटच्या उगमाची चौकशी करावी. दुसरी, संशयित अशुद्धी गणनेतून आलेल्या प्रमाणात शुद्ध माध्यमात मुद्दाम घालून पाहणे. तेवढ्यानेच परिणाम आला तर बरेच काही स्पष्ट झाले. तिसरी, अशुद्धीला बांधणारा पदार्थ किंवा तिचा ग्राही नसलेला वाण वापरणे. चौथी, रसायन एचपीएलसीवर विभागून सक्रियता मुख्य शिखराबरोबर जाते की बाजूच्या लहान शिखराबरोबर, हे पाहणे.

धातूंसाठी आयसीपी-एमएस हे अल्प अंश मोजणारे तंत्र, ऋण आयनांसाठी आयन क्रोमॅटोग्राफी, आणि फॉस्फेटसाठी साधी मॉलिब्डेनम-निळ्या रंगाची चाचणीही चालते. मोजण्यासाठी पूर्ण तयार झालेले, ऑटोक्लेव्ह करून थाळीत ओतलेले माध्यम पाठवावे. अगारयुक्त नमुना नायट्रिक आम्लात पचवावा लागतो, आणि त्या आम्लाचे कोरे मापनही सोबत द्यावे.

शुद्धीकरण स्वतः करायचे असल्यास पोटॅशियम नायट्रेट सर्वांत सोयीचे, कारण त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते आणि एक-दोन स्फटिकीकरणांत बरेच धातू द्रावणात मागे राहतात. चेलेक्स हे धातू बांधणारे रेझिन मुख्य क्षारांच्या द्रावणातून तांबे-जस्त काढते, पण कॅल्शियम-मॅग्नेशियमही ओढते आणि बदल्यात सोडियम सोडते. त्यानंतर या दोघांची भर शुद्ध क्षारांनी घालावी आणि पीएच पुन्हा जुळवावा. अमोनियम नायट्रेट तापवून सुकवण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. ते स्फोटक होऊ शकते, आणि त्याची शुद्ध बाटली विकत घेणेच शहाणपणाचे.

नोंदी आणि लॉट बदलताना

प्रयोगाच्या वहीत प्रत्येक घटकाचा उत्पादक, दर्जा, लॉट आणि उघडल्याची तारीख असावी. शोधनिबंधाच्या पद्धती विभागात निदान घट्ट करणारा पदार्थ, संजीवके, पेप्टाइडे आणि विकरे यांचा उत्पादक व दर्जा लिहावा. ‘अगार, ०.८ टक्के’ एवढ्याने कोणालाही तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

जुना लॉट संपण्यापूर्वी, निदान एका पूर्ण प्रयोगाला पुरेल एवढा शिल्लक असतानाच, नवा मागवावा. दोन्ही लॉटवर एकाच बियांच्या साठ्यातील रानटी (उत्परिवर्तन नसलेला मूळ) वाण आणि त्या मूलद्रव्याच्या किंवा संजीवकाच्या बाबतीत संवेदनशील असलेला एक उत्परिवर्तित वाण शेजारी-शेजारी वाढवावा, आणि मुळांची लांबी, ताजे वजन किंवा नेहमीचे जे मोजमाप असेल ते घ्यावे. फरक आढळला तर चालू प्रयोगमाला जुन्या लॉटवरच पूर्ण करावी आणि नव्यासाठी तीव्रतांची मालिका पुन्हा आखावी. जुन्या लॉटचे दहा-वीस ग्रॅम बंद बाटलीत, लॉट क्रमांकासह, निबंध प्रसिद्ध होऊन प्रश्नांची उत्तरे देऊन होईपर्यंत जपून ठेवावेत.